मधली जागा

“पण बिघडलंय काय, ते तरी सांगाल का?” उल्काने विचारलं.

हमीदाबी स्क्रीनकडे वाकून बघत होत्या.

गावातली लग्नं, बारशी, शाळांचे ग्रुप फोटो, सगळं त्यांच्याच स्टुडिओत यायचं. लहानथोर सगळे त्यांना उस्ताद म्हणत. उल्का पदवी घेऊन त्यांच्याकडे फोटो एडिटिंग शिकायला आली होती, आणि थोड्याच दिवसांत तिला वाटायला लागलं होतं की आता शिकण्यासारखं काही उरलेलं नाही.

स्क्रीनवर मुलींचा खो-खोचा संघ होता. पुढे ढाल. मधोमध त्यांचे सर. उद्या संघ सरांबरोबर बाहेरगावी शिबिराला निघणार होता आणि त्याआधी फोटो द्यायचा होता.

“बघा ना. एकीचेही डोळे मिटलेले नाहीत. प्रत्येकीचा चेहरा वेगळ्या शॉटमधून उचललाय. मानेवर कुठे जोड दिसला तर सांगा.”

“जोड नाही दिसत.” उस्तादांनी सरांच्या शेजारच्या मुलीवर बोट ठेवलं. “ही कोण?”

“अश्लेषा. पळते भारी म्हणे. पण सगळ्यात जास्त छळलं ते हिनेच. दर शॉटमध्ये तोंड पाडलेलं. शेवटी अगदी पहिल्या शॉटमधलं हसू आणून बसवलं.”

“पहिल्या शॉटला सर कुठे होते?”

“बाहेर. फोनवर बोलत होते. मी नुसता लाइट बघत होते.”

“हं…”

“आणि उभी कशी राहते, तर सरांपासून लांब. किती वेळा सांगितलं, सरक गं, गॅप दिसतोय. सरकायची, आणि मी कॅमेऱ्यात डोळा घातला की परत तेवढीच लांब. मग इथेच सरकवून टाकली. तुम्हीच म्हणता, ग्रुपमध्ये गॅप वाईट दिसतो.”

“मीच म्हणते,” उस्ताद म्हणाल्या.

…

उल्का वैतागली. “तुम्हा मोठ्या माणसांना सरळ बोलायला काय होतं हो? चुकलं असेल तर चुकलं म्हणा. नुसतं हं काय?”

उस्ताद उठल्या. “आरशासमोर उभी राहा.”

गिऱ्हाइकं भांग पाडतात तो आरसा. उल्का कपाळावर आठी घालून उभी राहिली.

उस्ताद तिच्या मागे येऊन थांबल्या. मग थोड्या जवळ. मग आणखी. त्यांचा श्वास उल्काच्या मानेला लागला.

उल्का पुढे सरकली.

उस्तादही सरकल्या.

आता पुढे फक्त आरसा होता.

“काय करताय?”

उस्ताद अजून जवळ आल्या.

“उस्ताद… काय करताय?”

“गॅप बुजवतेय. हस.”

उल्काने आरशात पाहिलं. तिचा एक खांदा पार कानाला भिडला होता. तो तिने उचलला नव्हता.

उस्ताद मागे झाल्या आणि कॅमेऱ्याची काच पुसायला बसल्या.

उल्काने मूळचे सगळे शॉट उघडले. या खेपेला एकच मुलगी बघितली.

पहिल्या शॉटमध्ये तोंडात केसांची पिन धरून ती हसत होती. खांदे सैल.

दुसऱ्यात कडेने सरांची बाही आली होती. खांदा वर.

पुढच्यातही वर. त्याच्या पुढच्यातही. सरांचा एक हात ढालीवर होता. दुसरा एकाही शॉटमध्ये दिसत नव्हता.

शेवटच्या शॉटमध्ये मुलगी कॅमेऱ्याकडे बघतच नव्हती. ती कॅमेऱ्याच्या जरा वर बघत होती. तिथे तेव्हा उल्काचा चेहरा होता.

उल्काने माउसवरचा हात काढून घेतला.

“मला वाटलं, तिला फोटोत हसता येत नाही.”

…

“पण तसंच असेल असंही नाही ना, उस्ताद? नुसत्या फोटोवरून काय कळतं? मी कोण सांगणारी? सरांना सगळं गाव मानतं. उलट मलाच…”

उस्ताद काच पुसत राहिल्या.

बाहेर मोटारसायकल थांबली.

सर आत आले. त्यांच्या मागोमाग अश्लेषा. ती दारापाशीच उभी राहिली.

“झाला का आमचा फोटो? आणि हिचा ओळखपत्राचा तेवढा राहिलाय, काढून टाका. सकाळी लवकर गाडी आहे.”

उस्तादांनी कॅमेरा स्टँडवर चढवला. स्टुलाकडे बोट केलं. अश्लेषा जाऊन बसली.

“कॉलर बघ कशी झालीय,” सर म्हणाले आणि हात पुढे करून तिच्याकडे निघाले.

तिचा खांदा वर गेला.

उल्का उठली. ती गेली आणि दोघांच्या मधे उभी राहिली. सरांचा हात तिच्या पाठीपाशी हवेत थांबला.

“मॅडम, फोटो तिचा काढायचाय,” सर हसून म्हणाले. “तुमचा नाही.”

उल्का वळली नाही. 

“अश्लेषा, आईचा फोन नंबर पाठ आहे तुला?”

“तो कशाला?” सरांचं हसू गेलं होतं. “मी आहे ना इथे.”

मुलीने वर पाहिलं. संघाच्या फोटोच्या वेळी पाहिलं होतं तसंच, उल्काच्या चेहऱ्याकडे. मग ओठातल्या ओठात, ऐकू येईल न येईल अशा आवाजात तिने सुरुवात केली.

“नऊ… आठ…”

सर एक पाऊल पुढे आले. उल्काच्या मानेला श्वास लागला. तिचा खांदा वर जाऊ लागला… पाय आपोआप बाजूला सरकू बघत होता.

कॅमेऱ्यामागून उस्ताद म्हणाल्या,

“उल्का, हलू नकोस.”