विस्तवाचं मडकं

कोणे एके काळची गोष्ट. तेव्हा एक देश नदीपाशी संपायचा आणि दुसरा तिथूनच सुरू व्हायचा. लहानांनी ती गोष्ट म्हणून ऐकावी, थोरांनी जरा कान टवकारून ऐकावी.

एका गावात एक तांबट राहत होता. हाताचा मोठा कसबी. हंडा घडवून झाला की तो त्याला टिचकी मारून कान लावायचा. खणखणीत वाजला तर ठीक. बद्द वाजला तर कुठेतरी बारीक चीर असणारच. भांड्यांच्या बाबतीत ही सवय उत्तम. पण तांबट माणसांनाही तसंच वाजवून बघायचा. कुणी हसून रामराम घातला, तरी याच्या मनात यायचं, आज याला काय हवंय? कुणी रामराम घातला नाही, तर यायचं, हा काय लपवतोय?

एके वर्षी राजाला शिकारीसाठी रान अपुरं पडू लागलं. त्याने रान वाढवलं आणि हे गाव नेमकं त्या रानात आलं. दवंडी पिटली गेली, "गाव रिकामं करा हो! ज्याला जो देश आवडेल, त्याने तिकडे जावं!"

गावकऱ्यांनी बोचकी बांधली आणि नदीपलीकडच्या देशाची वाट धरली. तांबट तेवढा मागे राहिला.

"सगळे जातात तिकडे आपण जायचं नाही," तो बायकोला म्हणाला. "मेंढरंही सगळी मिळूनच जातात."

तांबटीण गरोदर होती, आणि तिची ही पहिलीच खेप होती. "अहो, कुठलाही देश घ्या," ती म्हणाली. "फक्त माझं बाळंतपण चार माणसांत होऊ द्या."

"म्हणूनच तर देश वाजवून घ्यायला हवा," तांबट म्हणाला.

शेवटी बायकोच्या हट्टापायी त्याने आधी नदीपलीकडचा देश पाहिला. तिथल्या लोकांची एक रीत होती. नवं बिऱ्हाड आलं, की शेजारच्या घरातून त्यांच्या चुलीसाठी विस्तव यायचा. तांबटाने धर्मशाळेत बोचकं टेकवलं न टेकवलं, तोच एक म्हातारी मडक्यात राखेखाली निखारे घेऊन दारात उभी.

"पोरी, तू बस," ती तांबटिणीला म्हणाली. "चूल मी पेटवते. आणि दिवस भरले की हाक मार. या हातांवर अर्धं गाव जन्मलंय."

तांबटीण सुखावली. तांबटाला मात्र घाम फुटला. म्हातारी गेल्यावर तो कुजबुजला, "नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. विस्तव द्यायच्या निमित्ताने ही घर बघून गेली. आणि मुलावर आत्तापासून डोळा! आपण इथे राहायचं नाही."

ते निघाले तेव्हा म्हातारीने वाटेसाठी निखाऱ्यांचं मडकं भरून दिलं. वेशीबाहेर येताच तांबटाने ते नदीत रिकामं केलं. "न जाणो, करणीबिरणी असायची," तो म्हणाला. पाण्यात निखारे चुरचुरले, ते तांबटीण ऐकत राहिली.

मग डोंगरामागचा देश. तिथला पाटील रोखठोक होता. "पाणी कमी आहे, माणसं भांडखोर आहेत," तो म्हणाला. "पण अडीअडचणीला धावतात. पटलं तर राहा."

"स्वतःहून एवढे दोष सांगतो?" तांबट बायकोला म्हणाला. "मग न सांगितलेले केवढे असतील!"

अशा रीतीने गोडबोल्यांचा देश गोड म्हणून गेला आणि फटकळांचा देश फटकळ म्हणून गेला. तांबटीण चालून चालून थकली. पाय सुजले.

तिसऱ्या देशाला उंच तट होता. दारावरच्या पहारेकऱ्याने त्यांना अडवलं.

"कुठून आलास? कशाला आलास? खरं कारण काय? तेच खरं कशावरून?"

त्याने प्रत्येक हंड्यात हात घालून पाहिलं. तांबटिणीच्या पोटाकडे बघून, हे खरंच पोट आहे की बोचकं, असंही विचारलं. तांबटीण लाजेने अर्धी झाली. तांबटाचा चेहरा मात्र उजळला.

आत तर त्याला स्वर्गच सापडला. गल्लीकडे एकाही घराला खिडकी नाही. विहिरींना झाकणं आणि झाकणांना कुलपं. कुणी कुणाला रामराम घालत नव्हतं, म्हणजे त्यामागचा हेतू ओळखत बसायला नको. तांबट हरखून म्हणाला, "हा शहाण्यांचा देश! इथे आपल्याला कुणी फसवू शकत नाही."

"आणि मला कळा सुरू झाल्या तर?" तांबटिणीने विचारलं.

"तेव्हाचं तेव्हा बघू," तांबट म्हणाला आणि दाराला नवी कडी ठोकू लागला.

थंडीत अवकाळी झड लागली. भर दुपारी अंधारून आलं, छपरातून पाण्याची धार थेट चुलीवर पडली आणि चूल विझली. भट्टी तर आधीच भिजली होती. त्याच वेळी तांबटिणीला कळा सुरू झाल्या. घर बर्फासारखं गार. तांबटाने चकमक घासून बोटं सोलून घेतली, पण कापूसच ओला. काही पेटेना.

"विस्तव आणा हो," तांबटीण कण्हत म्हणाली. "आणि एखादी बाई आणा."

तांबट पावसात धावला. शेजारचं दार ठोठावलं.

"कोण?" आतून आवाज आला.

"शेजारचा तांबट. बायको अडली आहे, थोडा विस्तव द्या!"

"विस्तव मागायच्या निमित्ताने घर बघायला आलास होय?"

तांबट जागच्या जागी थिजला. हे शब्द त्याच्या ओळखीचे होते. तो पुढच्या दाराशी गेला, त्याच्या पुढच्या दाराशी गेला. सगळीकडे तेच प्रश्न आणि तीच बंद दारं. तो रिकाम्या हातांनी परतला आणि सवयीने आतून कडी घातली.

थोड्याच वेळाने दारावर थाप पडली.

तांबट दचकला. "कोण?"

"उघडा," एका बाईचा दबका आवाज आला. "लवकर उघडा."

"कोण तू? कोणी पाठवलं तुला?"

"अहो उघडा आधी, पाऊस आत चाललाय!"

"उघडा!" तांबटीण आतून ओरडली. तांबटाचा हात कडीवर गेला आणि तिथेच थबकला. मघाशी एकानेही दार उघडलं नाही आणि आता ही आपणहून येते? चोरांची टोळी तर मागे उभी नसेल? त्याने फटीला कान लावला. भांड्याला लावावा तसा.

बराच वेळ त्याने ऐकलं. मग बाहेर काहीच वाजेना, तेव्हा त्याने दार उघडलं.

गल्लीत कुणी नव्हतं. उंबऱ्याशी एक मडकं होतं. वर घातलेलं सूप वाऱ्याने उडून बाजूला पडलं होतं. मडक्यात पावसाचं पाणी साचलं होतं आणि पाण्यावर काळे निखारे तरंगत होते. हात लावला तर मडकं अजून गरम होतं.

मूल त्या गारठ्यात जन्मलं. मुलगी होती. एकदा रडली आणि दिवस मावळायच्या आत थंड पडली.

अंगात चालण्याइतकी ताकद आल्यावर तांबटिणीने बोचकं बांधलं. ती रागावली नाही, हेच तांबटाला सोसेना. "मला विस्तव मागता येईल अशा देशात राहायचंय," ती म्हणाली. "तुम्ही येता?"

"येतो. एवढं हे मडकं जिचं तिला देऊन येतो."

तांबटीण नदीकडे निघाली. तांबट मडकं घेऊन दारोदार फिरला. "हे मडकं तुमचं का? मला फक्त तिचे पाय धरायचेत." प्रत्येक घरातून एकच उत्तर आलं, "आमचं नाही." आमचं आहे म्हणून फसायला तिथे कोण तयार होणार?

म्हणतात, तांबट अजून तिथेच आहे. रोज त्या मडक्यात निखारे भरून तो उंबऱ्यावर ठेवतो आणि दार सताड उघडं टाकून बसतो. त्या साऱ्या देशात तेवढं एकच दार उघडं असतं. लोक ते लांबूनच पाहतात, पोरांचे हात घट्ट धरतात आणि दुसऱ्या गल्लीने जातात. "दार उघडं ठेवतो," ते आपसांत म्हणतात, "म्हणजे नक्कीच काहीतरी काळंबेरं आहे."

तात्पर्य : मनाची कडी काढल्याशिवाय जो देश निवडायला निघतो, त्याला शेवटी बंद दारांचाच देश मिळतो.