पत्ता तोच, माणूस निराळा

एकदा एक शिष्या आपल्या वृद्ध गुरूंकडे सही मागायला आली. गुरू म्हणजे कोणी जटाधारी ऋषी नव्हेत. चाळीस वर्षे संगणकाचे प्रोग्राम लिहून आणि इतरांच्या प्रोग्राममधल्या चुका शोधून निवृत्त झालेले, तालुक्याच्या गावी राहणारे ते एक गृहस्थ होते. स्वभाव कमालीचा संशयी. घरात घड्याळे तीन, आणि विश्वास एकावरही नाही. माणसांवर मात्र त्यांचा जीव होता. त्यांचा संशय वस्तूंवर असे, आकड्यांवर असे आणि सर्वांत अधिक स्वतःच्या आठवणीवर असे.

शिष्येचे नेमके उलटे होते. आपल्या प्रोग्रामवर तिची श्रद्धा आणि माणसांवर संशय.

गावातल्या डायलिसिस केंद्राचे सॉफ्टवेअर तिने केले होते. तिथे एक रुग्ण खाटेवरून उठला की थोड्या वेळाने दुसरा त्याच खाटेवर येतो. कोणाला कधी कोणते औषध द्यायचे, याचा गजर हे सॉफ्टवेअर पडद्यावर देई. परवा पडद्यावर आले की तीन नंबरच्या खाटेवरील गृहस्थांना रक्त पातळ करणारे औषध द्या. त्या गृहस्थांची चारच दिवसांपूर्वी शस्त्रक्रिया झालेली. ते औषध गेले असते तर जिवावर बेतले असते. प्रमिला सिस्टरांना पोटावरची पट्टी दिसली, त्यांनी हात आवरला, डॉक्टरांना फोन केला आणि अनर्थ टळला.

पण चुकीची सूचना आली कुठून? शिष्येचे उत्तर तयार होते: सिस्टरांनी माहिती चुकीची भरली. नोंद त्यांच्याच नावावर होती. तशी तक्रार तिने टाइप करून आणली होती. दुपारी बारा वाजता विश्वस्तांची बैठक होती आणि सिस्टरांना कामावरून काढायचे की नाही, हे तिथे ठरायचे होते. सॉफ्टवेअर निर्दोष असल्याची एका जाणकाराची सही तेवढी हवी होती.

"सर, प्रोग्राम मी हजार वेळा तपासलाय," ती म्हणाली. "आणि या बाईंचा मला आधीपासूनच भरवसा नाही. गेल्या वर्षी त्यांनी एक नोंद चुकवली होती. तेव्हापासून ओळखून आहे मी त्यांना."

"वर्षभरापासून," गुरू म्हणाले. त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला. "चल, गुंडोपंतांकडे जाऊन येऊ."

"आत्ता? सर, बारा वाजता बैठक आहे!"

"साडेनऊ होतायत. निदान दोन घड्याळांत तरी."

शिष्येच्या मनात पाल चुकचुकली. सरांना सही करायची नाही की काय? सिस्टर आपल्या आधी इथे येऊन रडून तर गेल्या नाहीत? पण गुरूंपुढे बोलायची सोय नव्हती, म्हणून ती मुकाट्याने मागोमाग निघाली.

गुंडोपंत हे गुरूंचे जुने स्नेही. त्यांचे घर तिसऱ्या आळीत, दार सताड उघडे. तरीही गुरू पायरीशी थांबले आणि त्यांनी हाक दिली, "गुंडोपंत, आहात का घरी?"

"या, या!" आतून आवाज आला, तेव्हाच त्यांनी उंबरा ओलांडला.

गुंडोपंत पोस्टात निघाले होते. एक पाय चपलेत घातलेला. पाहुणे पाहताच त्यांनी ती चप्पल काढली आणि ते निवांत बसले. पाऊण तास गुडघेदुखीवर बोलणे झाले. शिष्या घड्याळाकडे पाहत होती, गुंडोपंतांनी मात्र एकदाही पाहिले नाही. शेवटी गुरू उठले आणि दोघे बाहेर पडले.

आळीच्या टोकाला पोहोचल्यावर गुरूंनी खिसा चाचपला. चष्मा राहिला होता. ते परत फिरले. दार तसेच उघडे, आणि समोर झोपाळ्यावर चष्मा दिसत होता. गुरू पुन्हा पायरीशी उभे! "गुंडोपंत, आहात का घरी?"

उत्तर नाही. पुन्हा हाक. उत्तर नाही.

"सर, आत्ताच तर उठलो आपण इथून," शिष्या चिडून म्हणाली. "दार उघडं आहे, चष्मा समोर आहे. चार पावलं आत जाऊन घेऊन या ना."

"मगाशी 'या' म्हणाले होते. आता म्हणाले का?" एवढे बोलून गुरू परत वळले आणि चष्म्याविना चालू लागले.

साठी बुद्धी नाठी म्हणतात ते हेच, असे शिष्येला मनापासून वाटले. एवढ्यात मागून हाक आली. गुंडोपंतांची सून ओल्या केसांवर पदर सावरत दारात आली होती. "अहो काका, थांबा! मामंजी तुमच्यामागोमाग मागल्या दारानं पोस्टात गेले. मी न्हाणीत होते, आत्ता बाहेर येऊन केस पुसत होते बैठकीच्या कोपऱ्यात, तर हाक ऐकू आली. आत पळाले पदर घ्यायला." तिने चष्मा आणून दिला.

शिष्येने मान खाली घातली. सर हाक न मारता आत गेले असते तर दोघांनाही तोंड दाखवायला जागा उरली नसती.

वाटेत गुरू म्हणाले, "तुझा औषधाचा गजर रुग्णाची नोंद कशी शोधतो?"

"नोंदीचा पत्ता त्याच्याकडे ठेवलाय, सर. पॉइंटर. तो थेट मेमरीतल्या त्या जागी जातो."

"हाक न मारता?"

"पत्ता माहीत असल्यावर हाक कशाला, सर?"

"आणि रुग्ण लवकर निघून गेला तर?"

"नोंद काढून टाकतो. जागा मोकळी होते. मग पुढच्या रुग्णाची नोंद…" ती भर रस्त्यात थांबली. "सर, ती त्याच जागी बसू शकते."

शेजारच्या शिंप्याच्या ओट्यावर बसून तिने लॅपटॉप उघडला. परवा सकाळच्या रुग्णाला चक्कर आली, म्हणून ते तासभर आधीच घरी गेले होते. त्यांचा गजर मात्र जागेवरच होता. ठरल्या वेळी तो जुन्या पत्त्यावर गेला, तिथे नव्या गृहस्थांची नोंद बसलेली होती, आणि गजराने औषध पहिल्याचे आणि नाव दुसऱ्याचे वाचून दाखवले. नव्या गृहस्थांची नोंद सिस्टरांनी केली होती, आणि ती अगदी बरोबर केली होती.

"मग गजरानं नोंद घट्ट धरूनच ठेवली तर, सर? म्हणजे ती जाणारच नाही."

"करून बघ. उद्या नोंदही गजराला धरून बसेल. दारात निरोप घेणाऱ्या दोन विहिणी, ही हात सोडेना आणि तीही सोडेना! रुग्ण घरी जाऊन जेवला तरी नोंद तिथेच. अशा साचत गेल्या की एक दिवस मेमरी भरते. त्यापेक्षा वीक पॉइंटर ठेव. त्याला पत्ता माहीत असतो, पण त्याचा हक्क कशावरच नसतो, म्हणून तो जाणाऱ्याला अडवत नाही. आणि पत्ता माहीत आहे म्हणून तो आतही घुसत नाही. दर वेळी नव्यानं विचारतो, आहात का? नोंद असली तर काम होईपर्यंत थांबते, गुंडोपंत थांबले तशी. नसली तर मुकाट परत फिरायचं. संशय वाईट नसतो, बाळ. पण तो विचारून संपवायचा असतो. न विचारता बाळगला की दुसऱ्याच्या जिवावर उठतो."

त्यांनी सही न केलेला कागद तिच्या हाती दिला.

शिष्येने आधी केंद्रात फोन करून सगळे गजर बंद ठेवायला सांगितले. बारा वाजता ती बैठकीत उभी राहिली आणि म्हणाली की चूक माझी आहे, सिस्टरांनी माणूस वाचवला. विश्वस्तांनी तिला नको नको ते सुनावले. हे काम तिच्याकडे राहील की नाही, याचा निर्णय पुढच्या आठवड्यावर गेला. तिने सगळे ऐकून घेतले.

बाहेर बाकावर प्रमिला सिस्टर बसल्या होत्या. पायाशी पिशवी, कपाटातले सामान त्यांनी आधीच आवरले होते. शिष्येने हात जोडून क्षमा मागितली.

सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, गेल्या वर्षीची ती चूक माझीच होती. त्या दिवशी माझी मुलगी आयसीयूत होती. त्यानंतर मी प्रत्येक नोंद दोनदा वाचते. तुम्हाला हे ठाऊक नाही, कारण तुम्ही कधी विचारलंच नाहीत. काल माझ्या टेबलासमोरून तीनदा गेलात. एकदा थांबायचं होतंत."

शिष्या त्यांच्या शेजारी बाकावर बसली. थोड्या वेळाने तिने हळूच विचारले, "मुलगी कशी आहे आता?"

सिस्टरांनी डोळे पुसले आणि त्या सांगू लागल्या.

आपणही कितीतरी माणसांना अशाच जुन्या पत्त्यावर ओळखून असतो. आज तिथे कोण राहते, ते कधीतरी विचारून पाहावे.