एकच खाच

“आणि जी पुन्हा सापडतच नाहीत, त्यांचं काय करतं तुझं हे यंत्र?” फकिराने विचारलं.

मुकुल धारपने लॅपटॉप त्याच्याकडे वळवला. काळमुखी तलावाच्या काठावर नबीशाह फकिराची झोपडी होती. तिच्या ओसरीवर बसून मुकुल बराच वेळ आपलं सॉफ्टवेअर समजावत होता, आणि त्यात थोडी ऐटही होती.

“सोपं आहे, बाबा. मागच्या महिन्यात पाण्यात उतरलो. त्रेसष्ट कासवं धरली, एकेकाच्या पाठीच्या कडेला कानशीने तिकोनी खाच पाडली आणि सोडून दिली. आज पुन्हा उतरणार. हाती लागतील त्यांत खाचवाली किती, ते याला सांगायचं. मग तलावात एकूण किती आणि जगली किती, ते हे सांगतं.”

“मी विचारलं ते राहिलंच की.”

“जी परत सापडत नाहीत, ती याच्या लेखी मेली. मेलेलं काय, लांब राहिलेलं काय, याला दोन्ही सारखंच.”

फकीर हसला. “शहाणं आहे.”

मुकुल उठला, सदरा काढू लागला. शंभराच्या वर आकडा निघाला तरच हा तलाव वाचणार होता. नाहीतर बुजवून त्यावरून रस्ता जायचा होता. अहवाल उद्या द्यायचा होता.

फकिरानेही पोहरा उचलला आणि उंच काठावरून, दोरीने, पाण्यात सोडला. तलावाशेजारी राहणाऱ्या या माणसाचे पाय ओले झालेले मुकुलने कधी पाहिले नव्हते.

“पाण्याला भिता काय, बाबा?”

“बेटा, आपल्याला कुणी मोजतंय, हे कासवाला कळतं का रे?”

“छे! जरा चुरचुरत असेल. मग विसरून जातं.”

“तुला तरी कळलं होतं का?”

“मला?”

फकिराने हात लांबवून मुकुलचा डावा कान हलकेच चिमटीत धरला.

“चाचपून बघ.”

मुकुलने कानाच्या कडेवरून बोट फिरवलं. मागच्या खेपेला पाण्यातून वर आल्यावर तिथे थोडं चुरचुरलं होतं खरं. काटा लागला असेल म्हणून त्याने सोडून दिलं होतं…

बोट थांबलं.

लहानशी खाच होती. स्वच्छ, तिकोनी.

भर दुपारच्या उन्हातही तलावाचं पाणी काळं आणि सपाट होतं. एक बुडबुडासुद्धा नव्हता.

“कुणी…?”

नबीशाहने डोक्याचा फडका सोडला आणि मान वळवली. पिकल्या केसांआड त्याच्या कानालाही तशीच खाच होती. एकच.

मुकुलच्या हातातला सदरा हातातच राहिला. पाणी चार पावलांवर होतं.

“चाळीस वर्षं झाली,” दोरी ओढता ओढता फकीर म्हणाला. “परत उतरलो नाही… त्यांच्या लेखी मी मेलो.”