बिबट्यावरचा परिच्छेद

जंगलात वानरांचं विद्यापीठ होतं तेव्हाची गोष्ट. तिथली परीक्षा एकच: शेंड्यावरून बिबट्या हेरायचा, पळसाच्या पानावर परिच्छेद लिहायचा आणि खाली चरणाऱ्या हरणांना वाचून दाखवायचा.

शेवरी नावाच्या वानरीने बिबट्या हेरला, झोकात लिहिलं आणि वाचायला घेतलं. "अनादी काळापासून बिबट्या हा वनाचा अविभाज्य घटक आहे..."

हरणं माना वर करून ऐकत राहिली. शेजारच्या फांदीवर म्हातारे गुरुजी बसले होते. ओढ्याकाठचं गवत हललं. शेवरीने ते पाहिलं. ओढ्याचा उल्लेख तिने अगदी शेवटच्या ओळीत केला होता. तरी ती वाचतच राहिली. मधल्या ओळी गाळल्या तर गुण जातील!

"पोरी, तो आहे कुठे ते सांग ना!" एक गाभण हरिणी कळवळून म्हणाली.

गवत पुन्हा हललं, या वेळी त्या हरिणीच्या मागेच. शेवरीने पान भिरकावलं. "बिबट्या ओढ्याकाठी आहे! टेकडीकडे पळा!"

कळप उधळला. बिबट्याचा पंजा नुसत्या मातीवर आपटला.

शेवरी मान खाली घालून म्हणाली, "गुरुजी, प्रस्तावना अर्धीच राहिली."

"मग वाच की आता," गुरुजी म्हणाले. "ऐकायला हरणं शिल्लक आहेत."