वाढलेलं ताट

“पण अव्वा, एका ओळीपायी अख्खा कायदा घालवायचा का?”

अव्वा परातीत भाकरीचं पीठ मळत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

लीलाने प्रश्न पुन्हा विचारला, जरा मोठ्यानं. म्हाताऱ्या माणसाला ऐकू गेलं नसेल असं तिला वाटलं. वकिलांना असं नेहमीच वाटतं.

“ऐकलं गं,” अव्वा म्हणाल्या. “पीठ मळून होऊ दे.”

कर्नाटकच्या सीमेला लागून असलेल्या त्या गावात अव्वांचा लहानसा मठ होता. लीला परकरात होती तेव्हापासून तिथं यायची. लिहिणं-वाचणं ती शाळेत शिकली, गप्प बसणं अव्वांकडं. त्यातलं दुसरं शिक्षण अर्धवटच राहिलं होतं.

आज तिच्या मांडीवर चिन्नू होती. चार वर्षांची, रात्रीपासून अंगात कणकण, सकाळपासून पोटात काही नाही. निघायच्या गडबडीत थर्मामीटर घरी राहिला होता. कायद्याचा मसुदा तेवढा पिशवीत घडी न मोडता आला होता. आई म्हणून आपण कितव्या इयत्तेत आहोत, हा प्रश्न लीलाला अधूनमधून पडे. उत्तर ऐकायचं धाडस नव्हतं.

“कोणता कायदा म्हणालीस?”

“मी लिहिलेला.”

हे जरा फारच पटकन आलं. लीलाला ते स्वतःलाच जाणवलं.

“म्हणजे विधानसभेत आमदारबाईंनी मांडलाय. पण शब्द माझे. औषधांच्या किमतीला लगाम, दवाखान्याच्या बिलाला मर्यादा, गरिबाघरच्या विजेला आणि गॅसला सवलत. दोन वर्षं घासलीत, अव्वा.”

“कुणासाठी?”

लीलाने चिन्नूला मांडीवर जवळ ओढलं.

चिन्नूला न्यूमोनिया झाला होता तेव्हाची गोष्ट. शेजारच्या खाटेवर एका बाईचं बाळ होतं. तिसऱ्या दिवशी त्या बाईनं बाळाच्या हाताची सुई काढायला लावली आणि त्याला पदराखाली घेऊन ती निघाली. डॉक्टर नको म्हणत होते. बाई म्हणाली, “बिल वाढतंय, साहेब.” जाताना तिनं चिन्नूच्या कपाळावरून हात फिरवला होता.

लीलाच्या नवऱ्याचा विमा होता. चिन्नू तिथंच राहिली आणि बरी झाली.

“तिच्यासाठी,” लीला म्हणाली. “तिचं नावसुद्धा विचारलं नाही मी.”

अव्वांनी मळलेला गोळा परातीच्या कडेला सारला.

“मग अडलंय कुठं?”

“शेवटच्या ओळीत. मी लिहिलं होतं, येत्या पाडव्यापासून लागू. विधानसभेची समिती म्हणते, बाकी सगळं मान्य, पाडवा तेवढा काढा. त्या जागी लिहा, ‘शासन ठरवील त्या दिनांकापासून हा कायदा अमलात येईल.’ हो म्हटलं तर याच अधिवेशनात मंजूर. नाही म्हटलं तर बहुधा बारगळेल. दुपारी आमदारबाईंचा फोन यायचाय. तू म्हणशील तसं, म्हणाल्या.”

“तू काय म्हणणार?”

“हो म्हणणार. काहीच नसण्यापेक्षा बरं ना? आणि एकाही कलमाला धक्का लागलेला नाही, अव्वा. तुमचा आशीर्वाद तेवढा घ्यायला आले.”

“ती ओळ पुन्हा म्हण.”

लीलाने म्हटली.

“छान आहे,” अव्वा म्हणाल्या. “कानाला टोचत नाही कुठं. चल, भाकऱ्या टाकून पंगत वाढू.”

मठात जेवायला कुणालाही मज्जाव नव्हता. त्या दिवशी दहा-बारा माणसं भिंतीला पाठ लावून बसली होती. नेम एकच. ताटं वाढून झाली की अव्वा ‘शरणार्थ’ म्हणून वंदन करत, सगळे हात जोडून तोच शब्द म्हणत, आणि मग पहिला घास. त्याआधी अन्नाला बोट लावायचं नाही.

लीलाने भाकऱ्या वाढल्या. आमटी वाढली, शेंगाचटणी वाढली. अव्वांनी स्वतः प्रत्येक ताटात गव्हाची हुग्गी, म्हणजे गुळातली खीर, घातली आणि तिच्यावर तूप सोडलं. चिन्नू लीलाच्या शेजारी मांडी घालून बसली. गुळाचा वास आला तसा तिचा मलूल चेहरा खुलला.

सगळे अव्वांकडे पाहू लागले.

अव्वा खांबाला टेकून बसल्या. त्यांनी डोळे मिटले.

...

आमटीची वाफ कमी झाली.

“अव्वा,” पंगतीच्या टोकाला बसलेले मलकप्पा म्हणाले. हे रिटायर्ड एसटी ड्रायव्हर, गोड बोलणं त्यांना नोकरीतही जमलं नव्हतं. “विसरलात काय?”

“नाही की.”

“मग म्हणा. माझी शुगरची गोळी घेऊन झाल्या. आता पोटात काय गेलं न्हाई तर हितंच आडवा व्हायचो.”

“म्हणते.”

“कधी?”

“मठ ठरवील त्या वेळेपासून,” अव्वा म्हणाल्या, “जेवण अमलात येईल.”

कुणीतरी हसलं. एकट्यानंच. मग तेही थांबलं.

लीलाच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

...

हुग्गीवरचं तूप थिजू लागलं.

“ही बरी रीत काढली,” मलकप्पा पुटपुटले. “ताट नसतं वाढलं तर एव्हाना कोपऱ्यावर जाऊन भजी तरी खाल्ली असती. आता वाढल्या ताटावरनं उठायचं कसं?”

“बसा की मग,” अव्वा म्हणाल्या. “काय कमी आहे ताटात?”

मलकप्पांनी ताटाकडं पाहिलं. कमी काहीच नव्हतं. त्यांनी रुमालानं कपाळावरचा घाम पुसला.

चिन्नूनं हळूच हुग्गीकडं बोट नेलं.

लीलाने तिचं मनगट धरलं. विचार करायच्या आधीच धरलं.

“थांब, सोन्या. अव्वांनी म्हटलं नाही अजून.”

“पण मला दिलंय ना?”

“दिलंय. पण थांबायचं.”

“किती?”

लीलाने पकड सैल केली नाही. बोटांखाली मुलीची नाडी भरभर उडत होती. मनगट तापलेलं होतं. किती तापलंय, तेही तिला सांगता येईना. औषधाची बाटली पिशवीत होती, मसुद्याच्या शेजारी. वर लिहिलं होतं, जेवणानंतर.

“अव्वा,” ती म्हणाली, “लेकराला तरी...”

अव्वांनी डोळे उघडले. त्या लीलाच्या चेहऱ्याकडं बघत नव्हत्या. तिच्या हाताकडं बघत होत्या.

“तिला कुणी धरलंय?”

...

पिशवीतला फोन वाजू लागला. पंगतीत तो फार मोठ्यानं वाजला.

लीलाने मनगट सोडलं.

चिन्नूनं आईकडं पाहिलं, अव्वांकडं पाहिलं, आणि सबंध मूठ हुग्गीत घातली. तोंड भरलं. हनुवटीवर तूप आलं.

पंगतीतल्या बायका चपापल्या. शब्दाआधी घास मठात कुणी पाहिला नव्हता. मलकप्पांनी अव्वांकडं एकदा बघितलं आणि भाकरी मोडली. मग शेजारच्यानं. मग सगळ्यांनीच.

अव्वांनी हात जोडले. “शरणार्थ,” त्या हलकेच म्हणाल्या. भरल्या तोंडांनी पंगतीनं तोच शब्द म्हटला.

फोन थांबला होता. तो पुन्हा वाजू लागला.

लीलाने तो बाहेर काढला. आमदारबाईंचं नाव दिसत होतं. फोन घ्यायच्या आधी तिनं अव्वांकडं पाहिलं.

“पाडवा सोडत नाही म्हणून सांगते. पण बारगळला तर, अव्वा? त्या बाईला मी काय दिलं मग?”

अव्वा चिन्नूच्या ताटात आणखी हुग्गी घालत होत्या.

“बोलून घे लवकर,” त्या म्हणाल्या. “सगळ्यांची आमटी निवली आहे, परत तापवायची आहे तुला.”