न जन्मलेल्या ओंजळीतलं पाणी

एका राज्यात, जिथे जमीन द्यायची तर घेणाऱ्याच्या ओंजळीत पाणी सोडायचं आणि ते खाली सांडू द्यायचं नाही असा रिवाज होता, तिथे सुबाहू नावाचा राजा होऊन गेला. त्याची बहीण चंपावती विधवा झाली तेव्हा तिच्या कडेवर तान्ही लेक होती. राजाने भर दरबारात तिच्या ओंजळीत पाणी सोडलं. म्हणाला, "ताई, केवड्याचं खोरं तुझ्या श्वासापुरतं तुझं. फळ खा, पाणी पी, झाड मात्र तोडू नकोस. तोडशील तर त्याच क्षणी तुझा हक्क जाईल. तुझ्यामागे खोरं तुझ्या लेकीच्या पहिल्या मुलाचं."

मग त्या मुलासाठी त्याने दुसरं पाणी सोडलं. पण मूल होतं कुठे? लेकच अजून रांगत नव्हती! ओंजळ नाही आणि पाणी सुटलेलं. उतावळेपणा, दुसरं काय! शेजारी बसलेल्या धूम्रकेश मांत्रिकाने झटकन हात पुढे करून ते झेललं आणि मूठ मिटली.

"राजा, चंपावतीच्या शेवटच्या श्वासाआधी मूल आलं तर त्याचं त्याला देईन. नाही आलं तर खोरं माझं, आणि खोऱ्यात जे जे कोणी असेल ते दगड होईल."

राजाने जीभ चावली. पण आता काय उपयोग?

लेक केतकी मोठी झाली, तिचं लग्न झालं. पाळणा काही हलेना. चंपावतीची सत्तरी उलटली, छातीचं दुखणं जडलं, आणि तेव्हा कुठे केतकीला दिवस गेले. त्या दिवसापासून म्हातारी एकेक श्वास जपून घेऊ लागली. खोऱ्यात तीनशे घरं होती, आणि सगळ्यांचा जीव तिच्या श्वासाला टांगलेला.

धूम्रकेशाने पहिल्यांदा हिमवारा सोडला. म्हणाला, "चंदन तोड, ऊब मिळेल." चंपावतीने थरथरत गळून पडलेल्या काटक्या वेचल्या आणि त्यांच्या शेकोटीवर रात्र काढली.

दुसऱ्यांदा तो सोन्याची वाटी घेऊन आला. "तुझे उरलेले दिवस मला दे. तुला सोळा वर्षांची करतो." गुडघे इतके दुखत होते की खोटं कशाला बोला, तिचा हात पुढे झाला होता! मग ती थबकली. "माझे दिवस तुला दिले तर तुझ्या आणि खोऱ्याच्या मधे कोणीच उरत नाही. माझ्या नातवंडाचं आजच बुडेल." तिने वाटी पालथी केली.

तिसऱ्यांदा त्याने काहीच केलं नाही. उंबऱ्यावर बसून तो तिचे श्वास मोजू लागला. मोजलेला श्वास आखूड होत जातो.

आढ्यावर एक म्हातारा धनेश पक्षी राहत असे. दरबारात पाणी सुटलं तेव्हा तो तिथल्या तुळईवर बसून सगळं पाहत होता. चंपावतीने विचारलं, "धनेशा, किती उरले?"

"मूल यायला दोन महिने. तुला दोन दिवस."

ती पदर तोंडात कोंबून रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "केतकी, उद्या तुझं डोहाळजेवण. उंबऱ्यावरच्या पाहुण्यालाही पान मांडा."

"आई, त्या मेल्याला?"

"जेवू दे गं पोटभर."

दुसऱ्या दिवशी केतकीला केवड्याच्या फुलांची वाडी घातली, बायकांनी ओटी भरली. पुरणपोळीच्या वासाने धूम्रकेश काही उंबऱ्यावर टिकेना. आत येऊन अकरा पोळ्या हाणल्या, वर तूप मागून घेतलं.

लोडाला टेकलेल्या चंपावतीने विचारलं, "जेवलात ना?"

"तृप्त झालो."

"मग माझ्या नातवंडाचं पाणी द्या."

तो खदखदा हसला. "आधी येऊ तर दे त्याला!"

आढ्यावरून धनेश बोलला, "आलं नाही, तर जेवण कुणाचं जेवलास? ओटी कुणाची भरली? ज्याच्या नावाचं अन्न तुझ्या पोटात आहे, ते मूलच नाही म्हणतोस?"

त्या राज्यात ज्याचं खाल्लं त्यालाच नाकारलं, तर अन्न पोटात निखारा होई. मांत्रिकालाही त्यातून सुटका नव्हती. धूम्रकेश कळवळला, वाकला, आणि त्याची मूठ आपोआप उघडली. चाळीस वर्षांचं पाणी, अजून थंडगार! केतकीने पोटावर दोन्ही हातांची ओंजळ धरली. पाणी तिच्यात पडलं, एक थेंब सांडला नाही, आणि पोटात जिरून गेलं. आतून बाळाने लाथ मारली.

धूम्रकेश पळायला निघाला आणि स्वतःच्याच शापाने उंबऱ्याशी दगड झाला. पुढे बायका त्याच्यावर धुणं वाळत घालू लागल्या.

चंपावतीने केतकीच्या पोटावर हात ठेवला. "बाळा, हे सगळं तुझंच हो. मी नुसती राखत होते." मग लेकीकडे पाहून म्हणाली, "फार दमले गं. आता श्वास सोडला तर चालेल ना?"

केतकीने मान डोलावली. मग आईला हलकेच बाजेवर निजवलं.

पहाटे म्हातारी गेली. खोरं एक क्षणही मालकावाचून राहिलं नाही. झाडं उभी होती, तीनशे चुली पेटल्या.

दोन महिन्यांनी मुलगी झाली. उजवी मूठ घट्ट मिटलेली, सुईणीलाही उघडेना. केतकीने तिला आईच्या रिकाम्या बाजेवर निजवलं, तेव्हा ती उघडली. तळहात ओला होता.