परतीची तार

सागाच्या जंगलात, जिथं उन्हाळ्यात ओढ्याचे नुसते गोटे उरतात, तिथं एक भोचक कावळा राहत असे. चौकस, जिज्ञासू वगैरे तुम्ही शाळेत म्हणा. जंगलात त्याला भोचकच म्हणत. मुंगी निघाली की कुठं निघाली, साप वळला की का वळला, याला सगळं कळायला हवं.

त्या जंगलात वनखात्यानं जनावरांसाठी सिमेंटचं टाकं बांधलं होतं. शेजारी बोअर, बोअरमध्ये पंप, आणि खांबावर उन्हाकडे तोंड करून बसवलेली सोलरची काळी काच. ऊन पडलं की काचेत वीज तयार व्हायची, तारेनं पंपाकडे जायची, पंप घरघरायचा आणि टाक्यात पाणी पडायचं. ऊन गेलं की पंप गप्प. एवढंच ते काम, पण सगळं जंगल त्यावर जगत होतं.

एके दिवशी ऊन चांगलं डोक्यावर आलं तरी पंप घरघरला नाही. रात्री रानडुकरांनी टाकं चाटूनपुसून साफ केलेलं. तळाशी शेवाळ तेवढं उरलं होतं. वनखात्याचा माणूस पलीकडच्या डोंगरावर वणवा विझवायला गेलेला, तो कधी येईल याचा नेम नाही. टाक्याशी एक हरिणी उभी होती. तिचं पाडस नुकतंच पायावर उभं राहायला लागलेलं. हिला पाणी नाही तर त्याला दूध नाही. नदी लांब, डांबरी रस्त्याच्या पलीकडे. पाडस तिथवर चालायचं नाही. त्याला ठेवून जावं, तर करवंदीच्या जाळीपाशी कोल्हा पाय पसरून बसलेला.

"जा ना हरिणताई, पिऊन ये," कोल्हा म्हणाला. "पिलाजवळ मी आहे की."

"तू आहेस म्हणूनच जात नाही, मेल्या!"

इतक्यात खांबाखालच्या बिळातून उंदीर बाहेर आला. विजेच्या शेजारी राहतो म्हणून विजेतलं सगळं आपल्यालाच कळतं, असा त्याचा समज होता. तो म्हणाला, "काच घाण झालीय. वर बसून शिटतं कोण, ते विचारा."

सगळ्यांनी कावळ्याकडे पाहिलं.

"कालही शिटलो होतो," कावळा म्हणाला. "काल पाणी आलं."

आळ आला म्हणून तो रुसून बसला नाही. खांबापासून बोअरपर्यंत एकेक पाऊल टाकत, मान वाकडी करकरून तारा बघत निघाला. तारा दोन होत्या, एक लाल, एक काळी. लाल शाबूत. काळीचा मात्र मधला तुकडाच गायब!

"उंदीरमामा, ही तार कुणी खाल्ली?"

"खाल्ली काय म्हणतोस? माझे दात वाढतात, काहीतरी कुरतडावंच लागतं मला. पण लाल तारेला तोंड लावलं नाही हो! ती काचेकडून पंपाकडे वीज नेते. काळी नुसती परत येते. जेवून परत निघालेल्या पाहुण्यासाठी पुन्हा कुणी चूल पेटवतं का? तशी ती तार. उगाच पडलेली. विचार करून कुरतडलीय मी."

कावळ्याला ते पटलं. पटण्यासारखंच होतं. पण पटलं म्हणून पंप चालू होत नव्हता, आणि हरिणीची जीभ कोरडी पडली होती.

कावळ्यानं तुटक्या तारेच्या एका टोकावर पाय ठेवला. काही झालं नाही. मग पाय तसाच ठेवून त्यानं दुसरं टोक चोचीत धरलं. फाट्! असा झटका बसला की कावळा उताणा पडला आणि त्याची सगळी पिसं उभी राहिली.

"मेलास की आहेस?" कोल्ह्यानं विचारलं. "मला काहीही चालेल."

कावळा धडपडत उठला. डोळे गरगरत होते, पण त्यात चमक होती. "एक टोक धरलं, काही नाही. दोन्ही धरली, तर वीज माझ्यातून गेली! म्हणजे तिला इथूनच जायचंय, वाट नाही म्हणून अडून बसलीय."

"अडली तर काळ्या तारेत अडली," उंदीर म्हणाला. "लाल शाबूत आहे ना?"

"मग लाल तारेनं येऊन पंप का नाही चालवत ती?"

उंदीर पुढं होऊन लाल तार हुंगायला लागला.

पोरांनो, सायकलची साखळी बघा. वरची बाजू चाक ओढते, खालची नुसती परत येते. मग खालची कापून टाकायची का? टाका, आणि जा तशा सायकलवर शाळेत! विजेचंही तेच. काचेतून निघायचं, पंपातून जायचं, फिरून काचेत यायचं. हा फेरा पुरा असला तरच ती चालते. कुठंही तुटला की आख्ख्या फेऱ्यात थांबते. आणि हो, कावळ्याचं बघून कुणी घरातल्या बोर्डाला हात लावाल तर खबरदार. काच लहान होती म्हणून कावळा वाचला. घरची वीज माणसाला उठू देत नाही.

कावळ्यानं मग तुटलेल्या जागेत वाळकी काडी ठेवून पाहिली. पंप गप्प. वाळकी वेल ठेवली. गप्पच. "तारेचा तुकडा कुठाय, मामा?"

"बिळात. वरचं आवरण खाल्लं, आतलं तांबं गोड लागेना."

"तेच हवंय. काडीतून, वेलीतून वीज जात नाही, तांब्यातून जात होती. तुझ्या बोटांनी जोडून दे."

"आणि तुझ्यासारखा उताणा पडू?"

"आत्ता नको. दिवस मावळला की काच झोपते, तारेत काही उरत नाही. तेव्हा जोड."

म्हणजे सकाळपर्यंत हरिणीनं तहानेलंच राहायचं. ती पाडसाला पोटाखाली घेऊन उभी राहिली. कोल्हा जाळीपासून थोडा पुढं सरकून बसला.

दिवस बुडाला. उंदरानं तांब्याचा तुकडा ओढत आणला आणि टोकं एकमेकांवर टेकवली.

"टेकवून भागत नाही," कावळा म्हणाला. "घरट्यात नुसती टेकवलेली काडी वाऱ्यानं पडते. पीळ दे." उंदरानं कुरकुर केली, पण दोन्हीकडे घट्ट पीळ दिला.

सकाळी ऊन सागाच्या शेंड्यांवर आलं, मग काचेवर. पंप एकदा गुरगुरला आणि थांबला. हरिणीनं नदीच्या वाटेकडे एक पाऊल टाकलं. कोल्हा उठून उभा राहिला.

"थांब ताई, ऊन अजून कोवळं आहे!" कावळा ओरडला.

ऊन आणखी वर चढलं. पंपानं पुन्हा गुरगुर केली, आणि मग घरघर लागली ती लागलीच. नळातून आधी हवा, मग गढूळ धार, मग स्वच्छ पाणी. हरिणीनं तोंड घातलं ते वर काढलंच नाही. बऱ्याच वेळानं पाडसानं तिच्या कासेला ढुशी दिली आणि चुरूचुरू पिऊ लागलं. कोल्हा नदीच्या वाटेला लागला.

तात्पर्य : विजेला जायची वाट लागते तशी परत यायचीही लागते, तेव्हा जी गोष्ट तुम्हाला बिनकामाची वाटते, तिला दात लावण्याआधी ती तिथं का आहे, हे शोधून काढा.